चौथी सीट आणि आपण



आज कामाचा दिवस आहे. आपल्यापैकी बरेच जण ऑफिसातून थेट इथं आलात, आणि इथून निघून काहींना बदलापूरची, काहींना विरारची गाडी पकडायची आहे. दिवसभर राबून झाल्यावर एखाद्या विषयासाठी तास-दीड तास जमायचं, ही महाराष्ट्राची जुनी रीत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे ती रीत गावोगाव रुजली. त्या रीतीचा मान राखून मी आज एक साधा विषय मांडणार आहे. आपल्या शहरात रोज डोळ्यांसमोर जे घडतं, ते पाहायचं कसं आणि कशासाठी?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मुंबईचा बराचसा कारभार अलिखित करारांवर चालतो. एकमेकांचं नावही ठाऊक नसलेली माणसं हे करार रोज करतात आणि रोज पाळतात. ते करार आपल्याला दिसत नाहीत, तोवर शहराविषयीचे आपले निर्णय चुकत राहतात, आणि ज्यांच्या कष्टांवर शहर उभं आहे त्यांच्यावर अन्याय होत राहतो. म्हणून साध्या गोष्टी नीट पाहणं हे मी नागरिकाचं काम मानतो. मतदान करणं, कर भरणं हे जसं काम आहे तसंच.

लोकलपासून सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली, हे आपण पुस्तकांत वाचतो. पण सेकंड क्लासच्या तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस पहिल्यांदा कधी बसला, त्याची तारीख कोणी सांगत नाही. माझ्या मते मुंबईच्या इतिहासातली तीही एक मोठी घटना आहे.

चौथी सीट मिळते कशी ते आठवून पाहा. आलेला माणूस बहुधा बोलत नाही. हाताने किंवा मानेने खूण करतो. बसलेले तिघे खांदे आवळतात, मांडीवरची बॅग उभी धरतात, आणि कडेला वीतभर जागा तयार होते. चौथ्याचं अर्धं अंग बाकाबाहेर असतं. एक पाय मधल्या वाटेत रोवलेला असतो, आणि गाडीने रूळ बदलले की सगळा भार त्या पायावर येतो. मग खिडकीजवळचा उतरतो. सगळे एकेक जागा आत सरकतात. चौथा तिसरा होतो, आणि इतका वेळ समोर उभा असलेला माणूस चौथा होतो. रेल्वेच्या नियमांत हे कुठेही नाही. टीसी हे शिकवत नाही. खूण नाकारली तर दंड नाही. तरीही रोज लाखो माणसं स्वतःच्या अंगाचा पसारा आवरून परक्याला जागा देतात. फर्स्ट क्लासच्या डब्यात मात्र चौथी सीट सहसा मिळत नाही. रेल्वे तीच, रूळ तेच. तिकीट महाग झालं की हा करार मोडतो. ही नोंद मला महत्त्वाची वाटते.

बायकांच्या डब्यातली व्यवस्था याहून बारीक विणलेली असते. चढणारी बाई आधी विचारते, ‘कुठे उतरणार?’ घाटकोपर म्हणणारीची सीट ती मागून ठेवते. तिच्यामागून आलेलीला कळतं की ही सीट दिलेली आहे, पुढची विचारायची. कागद नाही, शिक्का नाही; तोंडी शब्दावर सीट एकीकडून दुसरीकडे जाते. संध्याकाळच्या गाडीत पिशवीतून मेथीची जुडी निघते, मटार निघतो. घरी पोचल्यावर ओट्यापाशी उभं राहायचं, त्यातला अर्धा तास गाडीतच उरकायचा असतो. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हा मुंबईतल्या नोकरदार स्त्रीची दखल वेळापत्रकाने घेतली. पण तिच्या दोन पाळ्यांची, ऑफिसच्या आणि घरच्या, साक्ष हवी असेल तर ती त्या निवडलेल्या मेथीत आहे.

या व्यवस्थांचं गुणगान करायला मी उभा नाही. ज्या कराराने चौथ्याला जागा मिळते, तशाच कराराने कोणाला तरी डब्याबाहेर ठेवलं जातं. बोरिवलीला उतरणाऱ्याने विरारच्या गाडीत चढू नये, यासाठी दारातले गट काय करतात ते पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना सांगायला नको. रोजचा ग्रुप नव्या माणसाला खिडकीपर्यंत पोचू देत नाही. अलिखित कायद्यात माया असते, तशी दांडगाईही असते. दोन्ही पाहिलं तरच ते पाहणं.

रेल्वेतून उतरून परळला जाऊ. केईएम १९२६ सालचं, टाटा मेमोरियल १९४१ सालचं. या दोन रुग्णालयांच्या आसपासचे रस्ते हे देशातल्या आजारपणाचं एक मोठं ठाणं आहे. सकाळी दादर-परळच्या बाजूने चालत येणारी माणसं पाहा. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात एक्स-रे, रिपोर्ट आणि फाइल. ती पिशवी कुटुंबातला एकच माणूस सांभाळतो. झोपताना उशाशी घेतो, पाऊस आला तर आधी तिला झाकतो. बिहार, बंगाल, आसामातून आलेली ही कुटुंबं. काहींना गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत जागा मिळते. ज्यांना मिळत नाही ती फुटपाथवर दिवस काढतात. तिथेही करार आहेत. कुठल्या भिंतीला कोणी टेकायचं, आत तपासणीला गेलेल्यांचं सामान कोणी राखायचं, अन्नदानाची गाडी आली की चालता न येणाऱ्यांचं ताट कोणी आणायचं, हे ठरलेलं असतं. भोजपुरी बोलणारी बाई आणि बंगाली बोलणारी बाई एकमेकींच्या मुलांकडे लक्ष ठेवतात. आपण तिथून जातो तेव्हा ‘फुटपाथ अडवलाय’ एवढंच आपल्याला दिसतं. त्या फुटपाथवर एक रुग्णसेवा चाललेली आहे. ती कोणत्याही अहवालात नाही, आणि ती थांबली तर आतल्या डॉक्टरांचे उपचारही अर्धवट राहतील.

तिसरी जागा म्हणजे नाका. ठाणे, कल्याण, घाटकोपर, बोरिवली, कुठेही जा. सकाळी आठच्या सुमारास ठरलेल्या चौकात माणसं उभी असतात. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर कर्नाटकातून आलेली. रंगाऱ्याच्या हातात ब्रश आणि रोलर, गवंड्याच्या पिशवीतून डोकावणारी थापी आणि ओळंबा, सुताराची करवत. हत्यार हीच त्यांची पाटी. ज्यांच्याकडे हत्यार नाही ते बिगारी, आणि त्यांत बायका पुष्कळ. मुकादम येतो, बोट करतो, भाव होतो, टेम्पोत माणसं चढतात. दहा-साडेदहापर्यंत नाका विरळ होतो. उरलेले थोडा वेळ उभे राहतात. मग एकेक जण हत्यार पिशवीत आत सारतो आणि परत फिरतो. त्या दिवशी बांधकामाचा धंदा बरा आहे की मंदीत आहे, हे वर्तमानपत्राच्या आधी नाक्यावर कळतं. रोज त्या चौकातून रिक्षाने जाणाऱ्याला मात्र तिथे फक्त गर्दी दिसते.

आता प्रश्न असा की हे पाहायचं कसं? आपल्याच भाषेत याचे दोन थोर धडे आहेत.

पहिला गोविंद नारायण माडगांवकरांचा. त्यांचं ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ साली निघालं. तो काळ लक्षात घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस बंद झाल्याने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शेअरच्या नादाने शहर झपाटलं होतं. अशा वेळी हा शिक्षक शहराचे रस्ते, बाजार, तळी, देवळं, धंदे, सणवार, निरनिराळ्या जातीजमाती यांची वर्णनं लिहीत होता. सगळ्यांचं लक्ष कापसाच्या भावावर असताना त्यांचं लक्ष माणसांच्या चालीरीतींवर होतं. १८६५ साली तो कापसाचा बाजार कोसळला, पेढ्या बुडाल्या. माडगांवकरांचं पुस्तक राहिलं. एकोणिसाव्या शतकातली मुंबई कशी जगत होती हे जाणून घ्यायला आज देशोदेशीचे अभ्यासक त्या मराठी पुस्तकाकडे येतात. जे सगळ्यांना माहीत आहे तेच लिहून ठेवायला हवं, कारण तेच आधी विसरलं जातं, हे माडगांवकरांना कळलं होतं.

दुसरा धडा अरुण कोलटकरांचा. मराठीत आणि इंग्रजीत सारख्याच अधिकाराने लिहिणारा हा कवी काळा घोडा चौकातल्या ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात वर्षानुवर्षं बसत असे आणि बाहेरचा चौक पाहत असे. सकाळच्या निवांत वेळी चौकात पहुडलेलं भटकं कुत्रं, झाडूवाल्या, इडल्या घेऊन येणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी फुटपाथवरची माणसं. त्या पाहण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा संग्रह झाला. तो २००४ साली आला, आणि त्याच वर्षी कोलटकर गेले. ज्या चौकात आर्ट गॅलरी आहे, म्युझियम आहे, तिथे बसून हा कवी इडलीवालीकडे पाहत होता. माडगांवकर सगळं शहर पालथं घालतात, कोलटकर एका चौकापाशी थांबतात. दोघांच्या पाहण्यात समान काय? दोघांनाही घाई नाही, आणि समोरचं माणूस क्षुल्लक आहे असं दोघेही मानत नाहीत.

या दोघांपासून मी तीन सवयी घेतल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो. एक, जागा बदलू नका, वेळ बदला. एकच फुटपाथ पहाटे, दुपारी आणि रात्री पाहा. दादरला सेनापती बापट मार्गावर पहाटे फुलांचा बाजार भरतो; झेंडूचे ढीग, शेवंतीची पोती, आंब्याचे डहाळे. तोच रस्ता दिवस चढल्यावर दुसऱ्याच धंद्याचा होतो. एका जागेवर दिवसभरात किती जणांची पोटं अवलंबून असतात, हे एका भेटीत कळत नाही. दोन, हात पाहा. चेहऱ्यावरून आपण माणसाविषयी वाटेल ते ठरवतो. हात काम सांगतात. पावभाजीच्या तव्यावरचा हात, मालडब्यात बसलेल्या कोळणीचा पाटी सावरणारा हात, लेडीज डब्यात क्लिपा आणि कानातली विकणाऱ्या अंध मुलीचा नोटा चाचपणारा हात. तीन, कोण दिसत नाही ते पाहा. ही तिसरी सवय सगळ्यांत अवघड आहे, आणि तिनेच शहर बदलतं.

शहर बदलतं, हे मी पुराव्यानिशी सांगतो. २०११ साली मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. तिच्या मुळाशी अगदी साधं निरीक्षण होतं. सार्वजनिक मुताऱ्या पुरुषांना फुकट होत्या. स्त्रियांकडून पैसे घेतले जात होते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्यासाठी सोयच नव्हती. त्यामुळे बायका घरातून निघताना पाणी पीत नसत. भाजीवाली, कचरा वेचणारी, फिरून विक्री करणारी बाई दिवसभर तहान मारत असे आणि आजार ओढवून घेत असे. हे चित्र सगळ्यांच्या समोर होतं, ते कोणापासून लपलेलं नव्हतं. काही जणींनी ते पाहिलं, मोजलं, महापालिकेपुढे मांडलं, आणि तहान हा नागरी हक्काचा प्रश्न झाला. त्याच वर्षी शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आलं. मुंबईतली बाई सार्वजनिक जागी नुसती उभी राहत नाही, हे त्यांनी टिपलं. ती कुठेतरी निघालेली असते, बसची वाट पाहत असते, फोनवर बोलत असते. आपण इथे कामासाठी आहोत हे तिला सतत दाखवावं लागतं. पुरुष मात्र पानाच्या टपरीपाशी तासभर काही न करता उभा असतो, आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. हे वाचल्यानंतर नाक्यावर कोण उभं आहे, आणि कोण उभं राहू शकत नाही, हे न दिसणं अवघड होतं.

आता निर्णयांकडे येतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, मधून लांब व्हरांडा. आता पुनर्विकासात तिथल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, आणि वरळीतली पहिली कुटुंबं नव्या इमारतीत राहायलाही गेली आहेत. हे झालंच पाहिजे होतं. १६० फुटांत दोन संसार करणाऱ्यांच्या हालांना कोणी बाहेरच्याने सुंदर म्हणू नये. पण त्या व्हरांड्यात काय काय होत होतं, याचा हिशेब नकाशा काढणाऱ्याने मांडायला हवा. तिथे आजोबांची खाट होती. दहावीचा अभ्यास होता. पापड वाळत होते, बारशाच्या पंगती बसत होत्या, आई कामावर गेली असताना शेजारणीचा डोळा मुलावर होता. हे सगळं नव्या इमारतीत कुठे होणार? लिफ्टच्या समोरच्या मोकळ्या जागेत खाट टाकता येईल का? बाराव्या मजल्यावरच्या मुलाकडे कोण पाहील? ज्याने व्हरांडा नीट पाहिला असेल तोच हे प्रश्न विचारील. ज्याने पाहिला नसेल तो चौरस फूट मोजून समाधान मानील.

इथे एका धोक्याविषयी बोललं पाहिजे. मुंबईकडे पाहायचं टाळण्याचा एक फार सन्माननीय मार्ग आहे, तो म्हणजे तिचं कौतुक करणं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ११ जुलै २००६ रोजी लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. दोन्ही वेळा माणसं लगेच कामाला लागली, आणि आपण त्याला ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हटलं. अनोळखी लोकांनी एकमेकांना हात दिला, अनोळखी घरांची दारं उघडली, हे खरं आहे आणि थोर आहे. पण दुसऱ्या दिवशी गाडीत चढणाऱ्या किती जणांना घरी बसणं परवडत होतं, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. डबेवाल्यांचंही तसंच. १८९०पासून चालत आलेली त्यांची व्यवस्था जगभर वाखाणली गेली. मार्च २०२०मध्ये लोकल थांबली तेव्हा डबे थांबले, आणि मावळ-खेडकडच्या त्या माणसांचं घर कशावर चालतं हे विचारणारे फार थोडे निघाले. कौतुक झटपट होतं. पाहायला वेळ द्यावा लागतो, आणि पाहिलेलं पुढे आपल्याला स्वस्थ बसू देत नाही.

आणखी एक पथ्य सांगतो. आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे. रुग्णालयाबाहेर झोपलेल्या माणसाचा फोटो काढणं सोपं आहे. कृपा करून काढू नका. त्याने आपल्याला पाहायची परवानगी दिलेली नाही. रस्त्यावर येण्यावाचून त्याला दुसरी वाट नव्हती, एवढंच. सुधारक ओलवे यांनी मुंबईतल्या सफाई कामगारांची छायाचित्रं काढली ती त्यांच्यात जाऊन, त्यांच्याशी नातं जोडून. म्हणून त्या चित्रांत दयेची भीक नाही, कामाचा जाब आहे. आधी ओळख करून घ्यावी, बोलावं, विचारावं. फुलवाली ताई, नाक्यावरचे काका, पाणी सोडणारे दादा हे आपल्यापेक्षा शहर जास्त जाणतात, आणि विचारलं तर आनंदाने सांगतात. मेच्या अखेरीस छत्री दुरुस्त करणारा कोणत्या कोपऱ्यावर बसतो, १ जूनपासून मासेमारी बंद झाली की कोळीण पाटीत काय आणते, पावसाळ्याआधी ताडपत्री कुठे स्वस्त मिळते, हे त्यांना पाठ असतं. शहराचं पंचांग त्यांच्याकडे आहे.

शेवटी एक मागणी करतो, आणि ती या व्यासपीठावरून जाहीरपणे करतो. या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाने आपल्या रोजच्या वाटेवरची एक जागा निवडावी. एखादा नाका, बसथांबा, जिना, नळकोंडाळं, मंडईचं तोंड, काहीही चालेल. वर्षभर तिची नोंद ठेवावी. साधी वही पुरे. कोण येतं, काय काम करतं, कोणाला हुसकावलं जातं, पावसात काय बदलतं, मार्चमध्ये काय बदलतं. मोठी वाक्यं नकोत. तारीख, वेळ, पाहिलेलं आणि विचारलेलं एवढंच असावं. अशा वह्या वाचनालयांनी सांभाळाव्यात, शाळांनी मुलांकडून लिहून घ्याव्यात. आणि जेव्हा त्या जागेवर पूल येईल, मॉल येईल, किंवा तिथल्या विक्रेत्यांना हटवण्याची नोटीस लागेल, तेव्हा सुनावणीला ती वही घेऊन जावं. तिथे काही नव्हतंच, असं म्हणणाऱ्यापुढे ती उघडावी. माडगांवकरांनी एकट्याने केलं ते आता आपण हजारांनी करू शकतो. हे काम कोणत्या सरकारी खात्याचं नाही, ते तुमचं आणि माझं आहे. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत एक संध्याकाळ या वह्यांच्या वाचनासाठी राखून ठेवावी, अशी विनंती मी अध्यक्षांना करतो.